डावीकडचं दार

माझ्या गाडीचं डावीकडचं पुढचं दार चेपलं गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. ती गाडीही मी कधीच विकून टाकली. तरी आजही रस्त्यात पाण्याचा टँकर मागे घेताना दिसला की माझं डोकं फिरतं. बरोबरचं माणूस म्हणतं, अगं, सोड ना आता. हा 'सोड' शब्दच मला सहन होत नाही. त्या उन्हाळ्यात चेन्नईत तो मला इतक्या जणांनी आणि इतक्या गोड आवाजात ऐकवला की ओरडून सांगितला असता तर बरं, असं वाटायचं.

मी तेव्हा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात क्वालिटीत होते. आम्ही गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या बनवायचो. दार किती वेळा उघडलं-मिटलं म्हणजे बिजागरी सैल होते, किती वाकली म्हणजे माल परत पाठवायचा, हे बघण्यात माझा दिवस जायचा. घर होतं वेस्ट मांबलमला, स्टेशनपासून चालत जाण्याइतकं, एका जुन्या चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, भाड्याचं. सकाळी कंपनीची बस मला मोठ्या रस्त्यावरून उचलायची आणि संध्याकाळी तिथेच सोडायची.

मग गाडी कशाला घेतली? आईसाठी. बाबा गेल्यावर साताऱ्याचं घर बंद करून मी तिला माझ्याकडे आणलं होतं. तिनं आयुष्यभर मराठी शाळेत दुसरी-तिसरीचे वर्ग शिकवले. गुडघे कामातून गेलेले, बसची उंच पायरी चढवत नसे, आणि रिक्षावाल्याशी तमिळमध्ये घासाघीस करणं तिच्या आवाक्याबाहेरचं. मी एक लाल, छोटी, सेकंडहँड गाडी घेतली. रविवारी सकाळी आई साडी नेसून, पर्स घेऊन, ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसायची आणि आम्ही समुद्रावर जायचो, कधी नुंगंबाक्कमला एका दुकानात गव्हाचं चांगलं पीठ मिळायचं ते आणायला. पुढच्या सीटवर बसलेली आई वेगळीच दिसायची. दुकानांच्या पाट्यांवरची तमिळ अक्षरं बोटानं काचेवर गिरवायची आणि स्वतःच हसायची.

बाकीचे सहा दिवस मात्र तिच्याशी बोलायला अख्ख्या गल्लीत एकच माणूस होता. तळमजल्यावरचे काका. इमारतीतले सगळे त्यांना मामा म्हणायचे, मी काका म्हणायची. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इमारतीचे सेक्रेटरी, तंजावरच्या जुन्या मराठी कुटुंबातले. आम्ही राहायला आलो त्याच दिवशी आईला जिन्यात गाठून त्यांनी विचारलं होतं, "साताऱ्याकडचे कां तुम्ही? आमचेही वाडवडील तिकडूनच आले म्हणून सांगतात." आई जिन्याच्या कठड्याला धरून उभीच राहिली. असं मराठी तिनं कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं.

मग रोज संध्याकाळी ऊन उतरलं की आई कठडा धरत, बसत-उठत का होईना, वर चढायची आणि दोघं गच्चीवर. मी येईपर्यंत गप्पा. त्यांच्या बायकोला तमिळच सोयीचं वाटायचं, मुलं परदेशात, त्यांना मराठी जेमतेम कळायचं. त्यामुळे काकाही बोलायला भुकेलेले होते. ते 'मजला' म्हणत, 'कोठें' म्हणत, मध्येच तमिळमध्ये घसरत आणि परत येत. त्यांच्या घरून डांगर पच्चडी आली तेव्हा आई वाटी हातात घेऊन मला म्हणाली, "अगं, हे तर आपलं उडदाचं डांगर. इथपर्यंत येऊन पोचलंय." त्या दिवशी ती पोटभर जेवली. हे सगळं मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझी गाडी ही त्यामानानं स्वस्त गोष्ट होती.

पाऊस सलग काही वर्षं फसला होता आणि शहराचे नळ कोरडे पडले होते. आमच्या इमारतीत एक दिवसाआड खाजगी टँकर यायचा. तिकडे त्याला तण्णि लॉरी म्हणतात, तण्णि म्हणजे पाणी. निम्मं पाणी खालच्या टाकीत, निम्मं लोकांच्या घागरींत. घागरी प्लॅस्टिकच्या, रंगीत, आणि लॉरी यायच्या तासभर आधीपासून फाटकाशी ओळीनं मांडलेल्या. गल्ली अरुंद. आत आल्यावर लॉरीला वळायला जागा नव्हती, म्हणून ती मोठ्या रस्त्यापासूनच उलटी यायची. उलट्या येणाऱ्या लॉरीच्या मागे कुणीतरी उभं राहून तिच्या पत्र्यावर थापा मारायच्या आणि म्हणायचं, "वरलाम, वरलाम." म्हणजे येऊ दे, येऊ दे. थापा थांबल्या की ड्रायव्हरनं ब्रेक दाबायचा. हे खरं तर क्लीनरचं काम. पण लॉरीमालक क्लीनर ठेवत नसे, म्हणून ज्या इमारतीचं पाणी तिच्या सेक्रेटरीनं थापा मारायच्या असा रिवाज पडला होता. आमच्याकडे थापा काका मारायचे. त्यात त्यांना थोडी ऐटही वाटायची, हे मी पाहिलं आहे. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नसे आणि तो आरशात बघायची तसदीही घेत नसे. थाप चालू म्हणजे रस्ता मोकळा.

इमारतीखालची झाकलेली जागा घरमालकांसाठी होती. भाडेकरूंनी गाडी गल्लीत, कुंपणाच्या भिंतीला लावून ठेवायची. मी तशीच ठेवायची, उजवी बाजू भिंतीला टेकून म्हणाल इतकी जवळ, माझं दार जेमतेम उघडेल एवढीच जागा सोडून.

त्या शनिवारी मी कारखान्यात होते. संध्याकाळी बसमधून उतरून गल्लीत वळले आणि गाडी दिसली. डावीकडचं पुढचं दार मधोमध आत गेलेलं, काच फुटून सीटवर पडलेली, मागच्या दारावर लांबलचक ओरखडा, आरसा वायरवर लोंबकळतोय. मी हँडल ओढलं. दार हललं नाही. वाकून बिजागरी पाहिली. ती बघायला मला पगार मिळतो. वरची पार पिळवटली होती.

आईनं सगळं पाहिलं होतं. ती बाल्कनीत तुळशीला तांदूळ धुतलेलं पाणी घालत होती. "लॉरी मागे येत होती," ती म्हणाली, "काका थापा मारत होते. तेवढ्यात एका बाईनं रांग मोडून घागर पुढे सरकवली. काका तिकडे वळून तिला रागावायला लागले. तोंड तिकडे आणि हात पत्र्यावर. हात चालूच राहिला गं. आणि लॉरी आली ती गाडीवरच."

"मग?"

"मग काय. मी वरून ओरडले, पण माझं कोण ऐकतं. लॉरी जरा पुढे घेतली, पाणी भरलं, गेली."

म्हणजे गाडीला धडक बसली, काच फुटली, सगळ्यांनी पाहिलं, आणि मग सगळ्यांनी घागरी भरल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच खाली काकांकडे गेले.

काका झोपाळ्यावर बसले होते. मला बघताच उठले. "ये, ये. मजलाही फार वाईट वाटलें. मी मालकाशी बोलतों. नीट करून देतील. तू काळजी करूं नको."

"काका, तुम्ही तिथेच होतात ना?"

"होतों म्हणजे, असाच होतों. पाण्याचें बघत होतों. लॉरी गेल्यावरच दिसलें." हे म्हणताना ते झोपाळ्याची कडी नीट करत होते. मी वर आले. आईला म्हटलं, काका म्हणतात त्यांनी पाहिलं नाही. ती म्हणाली, "घाबरले असतील. वयस्कर माणूस आहे. दोन दिवसांनी बोलतील." तिचा त्यांच्यावर विश्वास होता. माझा नव्हता, पण मी दोन दिवस थांबले.

ते काही बोलले नाहीत. मी लॉरीमालकाला फोन केला, तो म्हणाला, कोणती गाडी? परत केला तर म्हणाला, आमची लॉरी त्या दिवशी त्या गल्लीत आलीच नाही. मी म्हटलं, मग आमच्या टाकीत पाणी आकाशातून पडलं का? त्यानं फोन ठेवला. विम्याचा एजंट घरी आला, गाडीभोवती फिरला, आणि मोठा तोडगा सांगितल्यासारखं म्हणाला, "मॅडम, दुसऱ्यानं ठोकली असं लिहिलंत तर पोलीस, साक्षीदार, भानगड. त्यापेक्षा लिहा की मागे घेताना तुम्हीच फाटकाच्या खांबाला धडकवली. लेडी ड्रायव्हर, कुणी शंका घेणार नाही." हे तो हसत म्हणाला. चहाही माझ्याच घरचा पीत होता.

दिवसभर मी हेच तर बघते. माल खराब निघाला की कुणीतरी कारणाच्या रकान्यात 'कामगाराची चूक' असं लिहून मोकळं होतं आणि मशीन तसंच चालू राहतं. आता मी माझ्या हातानं, माझ्याच नावापुढे, न केलेली चूक लिहायची? मी एजंटला म्हटलं, तुमचा चहा झाला असेल तर निघा.

आणि शेजारी. प्रत्येकाला सगळं माहीत होतं. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी जिन्यात माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "कोंचम अड्जस्ट पण्णिक्कोंगो." जरा सांभाळून घ्या. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, पलीकडच्या इमारतीनं याच मालकाशी भांडण काढलं तर आठवडाभर त्यांना पाणी मिळालं नव्हतं. ते काळजीनं सांगत होते की धमकी देत होते, हे मला आजही ठरवता येत नाही. लोकांच्या पाण्याची अडचण मला कळत नव्हती असं नाही. मीही त्याच टाकीतल्या पाण्यानं अंघोळ करत होते. पण इतक्या माणसांपैकी एकानंही, निदान दार लावून घेऊन का होईना, "हो, लॉरीनंच ठोकली, आम्ही पाहिलं" एवढं मला म्हणू नये, याचा संताप यायचा. मला पैसे मिळणार नाहीत हे मी पहिल्या फोनलाच ओळखलं होतं. मला ते वाक्य हवं होतं.

पहिला रविवार सीटवरची काच झाडण्यात गेला होता. मग पुढचा रविवार आला. आईनं साडी नेसली, पर्स घेतली. डावीकडचं दार उघडेना. मग ती उजवीकडून, माझ्या सीटवरून, गिअरवरून पाय ओलांडून आत जायला लागली. गुडघा दांड्याला आपटला. ती मागे सरकली, उभी राहिली आणि म्हणाली, "राहू दे, आज मला तसाही कंटाळा आला होता." दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

तिथल्या साहेबांनी दोन्ही बाजूंना बोलावलं. साक्षीदार कोण, असं विचारलं. मी म्हटलं, माझी आई. तिला तमिळ येतं का? नाही. इंग्रजी? थोडं वाचता येतं, बोलता येत नाही. मग मी सांगते, असं मी म्हटलं, तर साहेब म्हणाले, तक्रार तुमची आणि दुभाषीही तुम्हीच, असं कसं चालेल. दुसरं कुणी आणा.

आई लगेच म्हणाली, "काका आहेत ना."

मी तिला समजावलं. म्हटलं, आई, त्या दिवशी थापा मारणारे तेच होते. ती म्हणाली, "म्हणून तर. त्यांनाही आत सलत असेल. मी काही त्यांच्यावर आळ घेणार नाही. हात चालू राहिला तो चुकून, ड्रायव्हरनं आरशात बघायला हवं होतं, असंच सांगणार आहे. त्यांना सोपं जाईल." आणि काकांना विचारायला ती स्वतः खाली गेली. ते हो म्हणाले. हे मी विसरू शकत नाही. त्यांना नाही म्हणता आलं असतं. तब्येतीचं कारण होतं, वयाचं होतं. त्यांनी हो म्हटलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्याबरोबर ऑटोत बसले. वाटेत आईला एका देवळाची गोष्ट सांगत होते.

ठाण्यात लॉरीमालक आधीच बसला होता. पांढरा शर्ट, पांढरी वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, हातात दोन मोबाइल. पंखा त्याच्याकडे वळवलेला. साहेबांनी आईला खुर्ची दिली आणि काकांना म्हणाले, काय पाहिलं ते सांगायला सांगा.

आईनं सांगितलं. वर्गात सांगावं तसं, पहिल्यापासून, नीट. आपण कुठे उभ्या होतो, लॉरी कुठून आली, घागर कुणी सरकवली, काका कसे वळले, हात कसा चालू राहिला, धडकेचा आवाज, काच, मग लॉरी पुढे घेऊन पाणी कसं सोडलं. मध्ये ती काकांकडे वळून हसलीही. "यांची काही चूक म्हणत नाही मी," असं म्हणाली. बराच वेळ बोलली. खोलीत कुणाला एक शब्द कळत नव्हता, फक्त मला आणि काकांना.

तिचं संपल्यावर काका साहेबांकडे वळले. घसा साफ केला.

"सार, अवंगळुक्कु वयसाच्चु. सत्तम मट्टुम केट्टुदाम. वेर ओण्णुम तेरियादु."

बस, इतकंच. साहेब, यांचं वय झालंय. फक्त आवाज ऐकू आला म्हणतात. बाकी काही माहीत नाही.

माझं तमिळ कारखान्यातलं, ओबडधोबड, पण एवढं कळायला पुरेसं होतं. मी उभी राहिले. मी म्हटलं, साहेब, तिनं असं सांगितलेलं नाही. मी तमिळमध्ये म्हटलं, इंग्रजीत म्हटलं, शेवटी मराठीत काकांना म्हटलं, "काका, हे काय करताय तुम्ही?" ते टेबलाच्या काचेकडे बघत राहिले. साहेब म्हणाले, मॅडम, बसा. साक्षीदाराला काही माहीत नाही. शेजारी-शेजारी आहात, काँप्रमाइज करा. लॉरीमालकानं मान हलवली आणि एक मोबाइल खिशात टाकला.

परत येताना मी काकांना ऑटोत घेतलं नाही. त्यांना तिथेच फुटपाथवर उभं ठेवलं, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. ऑटोत मी आईकडे बघत होते. तिला कसं सांगावं, हा प्रश्न होता. तिच्याशी बोलणारं या शहरातलं एकमेव माणूस मीच तिच्यापासून तोडणार होते.

पण आईच म्हणाली, "मी केवढं बोलले आणि त्यांनी केवढुसं सांगितलं."

ती माझ्याकडे वळली.

"पाठांतर चुकवणारी पोरं मी आयुष्यभर ऐकलीत. आणि तो शब्द मला येतो गं. तेरियादु. भाजीवाली म्हणते, पोस्टमन म्हणतो, मी काहीही विचारलं की सगळे तेच म्हणतात. माहीत नाही. मला काही माहीत नाही असं सांगितलं ना त्यांनी?"

मी हो म्हटलं. तिनं पर्स मांडीवर घट्ट धरली होती. मांबलम स्टेशनचा पूल येईपर्यंत ती बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "'तुम्ही ठोकलीत. मी पाहिलं.' हे तमिळमध्ये कसं म्हणतात?"

मी सांगितलं ते कारखान्यातल्या भाषेत, अरे-तुरेत. तिनं दोनदा म्हणून पाहिलं आणि विचारलं, "यात अहो-जाहो आहे का?" मी म्हटलं, आई, त्यानं आपली गाडी फोडली आहे. ती म्हणाली, "असू दे. अहो-जाहोनं सांग." मग मी तसं सांगितलं. नींग इडिच्चींग. नान पात्तेन. रात्रीच्या पोळ्या लाटताना ती तेच म्हणत होती.

पुढच्या पाळीला लॉरी आलीच नाही. मालकानं मुद्दाम पाठवली नाही. फाटकाशी घागरी रिकाम्या उभ्या होत्या आणि त्यांच्यामागची माणसं आमच्या बाल्कनीकडे बघत होती. समोरच्या बाई आता माझा हात हातात घेत नव्हत्या. वरच्या गृहस्थांनी जिन्यात मला वाट दिली नाही. मी कामावर जाताना आईला म्हटलं, तू आज खाली उतरू नकोस. तिनं मान डोलावली. पण ती ऐकणारी नव्हतीच.

त्याच्या पुढच्या खेपेला लॉरी आली, तेव्हा माझी सुट्टी होती, म्हणून मी हे डोळ्यांनी पाहिलं. काका पत्र्यावर थापा मारत होते. लॉरी फाटकाशी थांबली. ड्रायव्हर खाली उतरून नळी ओढायला लागला. आई एकेक पायरी करत खाली गेली, हातात आमची निळी घागर. घागर तिनं रांगेत सगळ्यांच्या मागे ठेवली. मग ड्रायव्हरपुढे जाऊन उभी राहिली आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, "नींग इडिच्चींग. नान पात्तेन."

 ड्रायव्हर चाळिशीचा, काळासावळा, खांद्यावर टॉवेल. त्यानं आधी नळीकडे बघितलं. आईनं परत तेच म्हटलं, तेवढ्याच आवाजात. तिला त्यापुढचं काहीच येत नव्हतं, त्यामुळे तिला थांबवताही येत नव्हतं. तो मल्याळममध्ये, तेलुगूत काही बोलला असता तरी तिनं तेच म्हटलं असतं. समोरच्या बाई पुढे होऊन "मामी, विडुंगो" म्हणाल्या, सोडा म्हणून; वयस्कर बाईला तिकडे मामी म्हणतात. आई तिसऱ्यांदा म्हणाली, "नींग इडिच्चींग. नान पात्तेन."

ड्रायव्हरनं टॉवेलनं तोंड पुसलं. मग हात लांब करून काकांकडे दाखवलं.

"मामा तट्टिनारु," तो म्हणाला. "नान वंदेन."

मामांनी थापा मारल्या. मी आलो.

आणि एकदा बोलायला लागल्यावर तो थांबला नाही. म्हणाला, मी त्याच दिवशी मालकाला सांगितलं, गाडीला लागली म्हणून. मालक म्हणाला, तुझ्या पगारातून कापून भरून देऊ काहीतरी. मग या मामांनीच फोन करून सांगितलं की गाडी वाकडी लावली होती, तुमची काही चूक नाही. मग मी कशाला देऊ? माझा पगार केवढा?

वाकडी लावली होती. भिंतीला टेकून लावलेली माझी गाडी. मी जिन्यातून खाली धावले. काय बोलले ते मला नीट आठवत नाही, तीन भाषांत बोलले एवढं आठवतं. काका पत्र्याजवळ उभे होते, हात अजून लॉरीवर होता. त्यांच्या बायकोनं खिडकी लावून घेतली. सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती, आणि थापा कुणाच्या होत्या हे त्या सगळ्यांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आता जणू पहिल्यांदाच कळतंय अशी तोंडं केली होती त्यांनी. मला काकांपेक्षा त्या तोंडांचा जास्त राग आला. आईनं मात्र रांगेत आपला नंबर येईपर्यंत वाट पाहिली आणि घागर भरून घेतली. ती उचलून वर नेली मी.

त्यानंतर आठवडाभरात एकदा मी कामावरून आले तर गाडीपाशी एक टिंकरिंगवाला बसलेला. हातोडीनं दार ठोकून सरळ करत होता. कुणी पाठवलं विचारलं तर म्हणाला, खालच्या मामांनी. त्यानं दार बसवलं, काच घातली, रंग दिला. रंग जुळला नाही. बाकी गाडी लाल आणि तेवढं दार विटकरी. बिजागरी त्यानं बदलली नाही, ठोकूनच सरळ केली, आणि ती शेवटपर्यंत करकरत राहिली. कारखान्यात मी असला माल फेकून दिला असता. पण दार उघडत होतं. आई रविवारी तिच्या बाजूनं आत बसली. इमारतीत सगळे म्हणायला लागले, चला, मिटलं एकदाचं, भरपाई मिळाली.

एका संध्याकाळी मी आईबरोबर गच्चीवर कपडे काढत होते. काका वर आले. हातात झाकलेली वाटी होती. आईपासून जरा लांब उभे राहिले.

"मामी, दार उघडतें ना आतां?" ते म्हणाले. "सगळें सरी झालें, ठीक झालें. तुम्ही वरती येत नाहीं म्हणून मजला बरें वाटत नाहीं."

मी वाट बघत होते. अजूनही ते वाक्य येईल असं मला वाटत होतं. माझा हात चालू राहिला, मी तिथे खोटं बोललो, असं काहीतरी. नुसतं पहिलं म्हटलं असतं तरी आईनं ती वाटी घेतली असती, मी तिला ओळखते. पण त्यांनी वाटीवरचं झाकण सरळ केलं आणि म्हणाले, "डांगर आहे. कशी आहांत तुम्ही?"

आईनं दोरीवरची माझी ओढणी काढली, घडी घातली, खांद्यावर टाकली. मग त्यांच्याकडे बघून म्हणाली, "तेरियादु."

ते वाटी घेऊन खाली गेले.

आम्ही त्या घरात आणखी दोन उन्हाळे काढले. पुढच्या पावसाळ्यात नळाला पाणी आलं, लॉरी बंद झाली. काका जिन्यात भेटले की मराठीतच बोलायचे, आणि आई तमिळमध्ये उत्तर द्यायची, तिला येत होतं तेवढंच, दोन-तीन शब्दांचं. त्यांच्याशी मराठीतलं अक्षरही ती परत बोलली नाही. त्यामुळे दिवसभर कुणाशीच बोलायची नाही. संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी यायची तेव्हा ती दार उघडून उभी असायची, आणि मी चपला काढायच्या आधीच बोलायला लागायची.